वाड्याच्या तुळया आणि काचेचा तंतू : प्रकल्प नोंदी, इंदूर

७ मे

जागा पक्की झाली. जुन्या इंदुरात, कान्ह नदीपासून जवळच, एका मराठी कुटुंबाचा दुमजली वाडा. खालचा दिवाणखाना पाच खणांचा, मधे सागवानाच्या चार तुळया, वर कडीपाट आणि त्यावर माडीची जमीन. तुळई १३ फूट लांब, ६ इंच रुंद, ९ इंच उंच. कंत्राटदाराने घरच्यांना सांगून ठेवलंय की लाकूड संपलंय, छत उतरवा आणि स्लॅब टाका. आजींना ते मान्य नाही. सरांची आणि त्यांची जुनी ओळख, त्यामुळे प्रश्न आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आला: तुळया खरंच थकल्यात का, आणि थकल्या असतील तर कोणती?

काचेच्या तंतूत लिहिलेली ग्रेटिंग, म्हणजे ताण मोजणारा आमचा संवेदक, तापवून आणि ताणून आलेख काढणं प्रत्येक विद्यार्थी करतो. इथे आलेखावर एका घराचं छत ठरणार आहे, म्हणून हे काम मी मागून घेतलं.

तुळयांना रस्त्याच्या बाजूने १ ते ४ असे क्रमांक दिले. तीन नंबरच्या वर, उत्तरेच्या भिंतीला लागून, माडीवर पूर्वी मोरी होती. ती कधीच बंद केली आहे, पण भिंतीच्या गिलाव्यावर पिवळट डाग दिसतो. फोटो काढून ठेवले.

१२ मे

ज्युनियरने विचारलं की ताण मोजायला साधे विजेचे स्ट्रेन गेज का नकोत, स्वस्त पडतील. रास्त प्रश्न. कारणं लिहून ठेवते, अहवालात लागतील.

विजेच्या गेजला प्रत्येकी वेगळ्या तारा लागतात. चार तुळयांसाठी तारांचा जुडगा झाला असता, आणि बोअरची मोटर सुरू झाली की त्या तारांमध्ये गोंधळ शिरणार. त्यात माळव्यातला वळवाचा पाऊस म्हणजे विजांचा कडकडाट. फायबर, म्हणजे आमचा तंतू, काचेचा आहे, त्याला विजेशी देणंघेणं नाही. लाकडी घरात ठिणगीचीही भीती नाही. आणि मुख्य म्हणजे एकाच तंतूवर अनेक बिंदू बसवता येतात, कारण प्रत्येक ग्रेटिंगची तरंगलांबी वेगळी ठेवता येते.

आमच्या माळेत सात ग्रेटिंग: १५३० नॅनोमीटरपासून १५६० पर्यंत, प्रत्येकी ५ नॅनोमीटरच्या अंतराने. एकीची सरक दुसरीच्या हद्दीत जायला तुळई मोडायच्या बेतात यावी लागेल. चार तुळयांवर चार, एक मोकळी फक्त तापमानासाठी, आणि दोन राखीव. त्या कशासाठी ते पुढे.

ग्रेटिंग म्हणजे काय हे घरच्यांना सांगायचं आहे, त्याची तयारी: फायबरची काच १२५ मायक्रोमीटर जाड, आणि प्रकाश जातो तो गाभा त्यातला जेमतेम ९ मायक्रोमीटरचा. त्या गाभ्यात अपवर्तनांक किंचित वाढवलेल्या आडव्या रेघा, समान अंतरावर. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश परत फिरवायचा तर दोन रेघांमधलं अंतर साधारण ५३५ नॅनोमीटर. म्हणजे १ सेंटिमीटरच्या ग्रेटिंगमध्ये साडेअठरा हजारांवर रेघा. तंतू ताणला की रेघा एकमेकींपासून लांब जातात, परत येणारी तरंगलांबी वाढते. आम्ही मोजतो ते एवढंच.

या रेघा प्रकाशानेच लिहिल्या जातात, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. १९७८ साली कॅनडात ओटावा इथे केनेथ हिल यांच्या गटाला दिसलं की जर्मेनियम मिसळलेल्या तंतूत लेसर सोडल्यावर तंतूच आतून बदलतो आणि प्रकाश परत फेकू लागतो. १९८९ साली गेराल्ड मेल्त्झ आणि सहकाऱ्यांनी बाजूने अतिनील किरणांचे पट्टे पाडून हव्या त्या तरंगलांबीची ग्रेटिंग लिहिली, आणि तिथून संवेदकांचं दार उघडलं. आपल्या इंदुरातही हे काम झालंय. सुखनिवासच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तांब्याच्या वाफेच्या लेसरचा हिरवा प्रकाश, ५१०.६ नॅनोमीटरचा, स्फटिकातून नेऊन २५५ नॅनोमीटरचा अतिनील करतात आणि त्याने ग्रेटिंग लिहितात. वाड्यापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर!

१९ मे

प्रयोगशाळेत तापमानाचं अंशांकन. सातही ग्रेटिंग पाण्याच्या बाथमध्ये, बर्फापासून ६० अंशांपर्यंत, चढताना आणि उतरताना. मोकळ्या ग्रेटिंगचा उतार अंशाला १० पिकोमीटरच्या (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) आसपास, पुस्तकात असतो तसाच. सातांत थोडा थोडा फरक आहे, म्हणून प्रत्येकीचा आकडा वेगळा वापरणार, सरासरी नाही.

ताणाचा आकडा: एक मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग वाढ) १.२ पिकोमीटर. म्हणजे एक अंश तापमान बदललं तर ८ मायक्रोस्ट्रेनचा ताण आल्यासारखं दिसतं. या प्रकल्पाचं मर्म इथेच आहे. परत येणारी तरंगलांबी वाचणारं उपकरण एकच आकडा देतं. त्यातलं ऊन किती, ओल किती आणि ओझं किती, हे वेगळं काढायची जबाबदारी आमची.

२४ मे

आज साक्षीदार तुकड्यांचं काम.

लाकडाला तापमानापेक्षा ओल जास्त छळते. सागवान आडव्या अंगाला पावसाळ्यात चांगलंच फुगतं. दाराचे पट घासायला लागतात ते त्यामुळेच. रेषांच्या दिशेने फुगणं फारच कमी, पण आमचं उपकरण इतकं नाजूक आहे की तेही दिसणार. लाकडातली ओल एका टक्क्याने वाढली तर लांबीच्या दिशेने ३० ते ७० मायक्रोस्ट्रेनचा फरक पडू शकतो. तेवढ्याने भला मोठा ‘भार’ आल्याचा भास होईल, आणि भार काहीच नसेल.

यावर उपाय जुना आणि खात्रीचा. त्याच लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्यावर तशीच ग्रेटिंग लावायची, आणि तो तुळईशेजारी मोकळा टांगायचा. त्याच्यावर ओझं नाही, पण ऊन तेच, हवा तीच. तुळईच्या आकड्यातून त्याचा आकडा वजा केला की उरतं ते ओझं. ज्या अभ्यासात असा साक्षीदार नाही, त्यातल्या पावसाळ्याच्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

पण ‘तेच लाकूड’ आणायचं कुठून? वखारीतलं नवं सागवान चालणार नाही, त्याची ओल पिण्याची चाल वेगळी. आजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मागच्या सोप्याची तुळई काढली होती ना, तिचा ओंडका गोठ्यात पडलाय. पाटाखाली ठेवतो आम्ही तो.” बघितलं तर माप तेच, ६ बाय ९. सुतारकाकांनी त्यातून दोन तुकडे काढून दिले: एक पूर्ण जाडीचा, दोन फूट लांब, आणि दुसरा त्याच लांबीचा पण फक्त एक इंच जाड. रेषा सरळ आहेत ना हे त्यांनी नखाने चाचपून पाहिलं, मग करवत लावली.

दोन जाड्या मुद्दाम. पातळ तुकडा ओल पटकन पितो, जाड सावकाश. सर म्हणाले, दोघांतला उशीर कळला तर तुळईच्या पोटात ओल कुठवर गेली याचाही अंदाज येईल. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावलं, कारण कापलेल्या तोंडातून पाणी सगळ्यात आधी शिरतं आणि तुळईची तोंडं तर भिंतीत आहेत.

३१ मे

चिकटवण्याचा दिवस. यावर सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणी हे करायला घेतलं तर इथेच सगळं जमतं किंवा बिघडतं.

तुळईच्या खालच्या अंगाला, बरोबर मध्यावर, कारण वाकताना तिथे ताण सर्वांत जास्त. जुना तेलरंग आणि त्याखालची काजळी पत्र्याने खरवडली. आतून सागवानाचा मधासारखा रंग निघाला. बारीक पॉलिश पेपर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. सागवान तेलकट असतं. पुसल्याबरोबर लगेच इपॉक्सी लावायची, नाहीतर तेल पुन्हा वर येतं.

ग्रेटिंग सबंध लांबीभर चिकटवली नाही. लाकडात गाठी असतात, बारीक चिरा असतात. ग्रेटिंगचं एक टोक चिरेवर आलं तर स्क्रीनवर दिसणारं परतीच्या प्रकाशाचं शिखर पसरतं किंवा दुभंगतं आणि आकडा वाचता येत नाही. म्हणून १० सेंटिमीटरच्या अंतरावर दोन ठिपके इपॉक्सीचे, आणि मधे तंतू हवेत, ताणलेला. ताण त्या सगळ्या १० सेंटिमीटरची सरासरी देतो. ठिपक्यांच्या जागी ॲक्रिलेटचं आवरण काढून उघड्या काचेला चिकटवलं. आवरण मऊ असतं, ते हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात ताण खाऊन टाकतं.

आधी एक ठिपका, तो घट्ट झाल्यावर तंतू एका छोट्या चाकावरून खाली सोडून त्याला ५० ग्रॅमचं वजन लावलं. स्क्रीनवर शिखर सुमारे ०.७ नॅनोमीटरने उजवीकडे सरकलं आणि थांबलं. एवढा आगाऊ ताण हवाच, नाहीतर तुळई आखडली तर तंतू ढिला पडेल. मग दुसरा ठिपका. वजन रात्रभर तसंच. ज्युनियर शिडीवर, मी लॅपटॉपवर, दोघींच्या मधे सुतारकाका तंतू दोन बोटांत धरून. त्यांनी विचारलं, “ताई, हा केस तुटला तर?” तुटत नाही, ओढून पाहिलं की लक्षात येतं, काच वाकवल्यावर मोडते, सरळ ओढीला ती लोखंडाच्या तारेसारखी वागते.

तंतूचे जोड स्प्लाइसरने (तंतूची टोकं वितळवून जोडणारं यंत्र), प्रत्येक जोडात प्रकाशाचा ऱ्हास ०.०२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे नगण्य. टोकाला हिरवा तिरका कनेक्टर, ८ अंशांचा, म्हणजे तोंडावरून परत फिरणारा प्रकाश मोजमापात मिसळत नाही. जुन्या घरात उंदीर असतातच, म्हणून खोलीबाहेरचा तंतू स्टीलच्या स्प्रिंगनळीतून नेला.

१४ जून

दोन आठवड्यांची नोंद सलग मिळाली, मिनिटाला एक. चारही तुळया दिवसा चढतात, रात्री उतरतात. लाकडावर लावलेल्या ग्रेटिंगचा उतार अंशाला १४ च्या आसपास दिसतोय, मोकळीपेक्षा जास्त, कारण लाकूडही वाढतं आणि तंतूला ओढतं. हिशेबाशी जुळतं. साक्षीदार वजा केल्यावर दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ पुसला जातो. इपॉक्सीची सुरुवातीची सरक पहिल्या चार-पाच दिवसांत संपली.

२७ जून

पाऊस लागला. अजून विशेष काही नाही. पातळ साक्षीदार हलायला लागला.

१३ जुलै

आता लाकूड बोलतंय. पातळ तुकडा पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत चढला आणि उघडीप मिळाली की खाली येतो. जाड तुकडा त्याच्यामागून, आठवडे घेत, हळूच. तुळया जाड तुकड्याबरोबर चालतात, पातळ तुकड्याबरोबर नाहीत. म्हणजे वजाबाकी जाड तुकड्याचीच करायची हे आता मोजून ठरलं. केवळ पातळ तुकडा ठेवला असता तर जुलैत चारही तुळयांवरचं ओझं कमी झाल्यासारखं दिसलं असतं, आणि ते साफ चुकीचं.

जाड तुकडा वजा केल्यावर १, २ आणि ४ सपाट. तीन नंबर मात्र हळूहळू खाली जातोय. ताण कमी होतोय! बाकी कुणी पाहिलं तर म्हणेल, छान, तुळई निवांत आहे. मला हे चांगलं लक्षण वाटत नाही. माडीवरचं सामान कुणी हलवलेलं नाही. मग तीन नंबरचं ओझं गेलं कुठे? सरांना दाखवलं. ते म्हणाले, बादलीची चाचणी लावू.

२६ जुलै

चाचणी पहाटे, तापमान सर्वांत स्थिर असतं तेव्हा. माडीवर मोठं टब, तुळईच्या बरोबर मध्यावर, आणि त्यात १० लिटरची एकेक बादली, एकूण १०० लिटरपर्यंत. एकटी तुळई धरली तर एका बादलीला ७ मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ८ पिकोमीटरच्या आसपास यायला हवेत. प्रत्यक्षात कडीपाट ओझं शेजारणींना वाटून देतो, त्यामुळे कमी येणार हे माहीत होतं. उपकरण १ पिकोमीटर ओळखतं, म्हणजे बादली-बादली मोजता येते. मोजलीही: बादली ओतली की आलेखावर स्वच्छ पायरी पडते.

टब १ नंबरवर: सर्वांत मोठी पायरी १ ची, त्याखालोखाल २, मग ३ किंचित. २ वर ठेवला तेव्हाही तिचीच पायरी मोठी. ४ चंही तसंच.

टब ३ नंबरवर: सर्वांत मोठ्या पायऱ्या २ आणि ४ च्या. ओझं ज्या तुळईच्या डोक्यावर ठेवलं, तिची पायरी त्या दोघींच्या निम्मीही नाही.

टब काढून, पुन्हा ठेवून पाहिलं. तेच. ३ नंबरची तुळई भार घेतच नाही. कडीपाटाच्या फळ्या तिला ओलांडून ओझं शेजारच्या दोघींवर टाकतात, म्हणजे तिचं एखादं टोक भिंतीत बसलेलं राहिलेलं नाही. सगळ्यात कमी ताण दाखवणारी तुळईच आजारी. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ४ नंबर जास्त वाकलेली दिसते, आणि कंत्राटदारानेही तिच्याकडेच बोट दाखवलं होतं.

२८ जुलै

सुतारकाकांना बोलावलं. उत्तरेच्या भिंतीजवळ, पिवळ्या डागाशेजारी, गिलावा हातभर काढला. टोचा तुळईच्या तोंडात विनासायास आत गेला, अंगठ्याएवढा. लाकूड भुरभुरीत, ओलं, काळपट. जुन्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरलेलं. काका एकेक इंच पुढे सरकत टोचत गेले. भिंतीपासून दीड फुटावर टोचा अडला, टणटणीत आवाज आला. तिथून पुढे तुळई निरोगी. तीच तपासणी १, २ आणि ४ च्या दोन्ही टोकांना केली. सगळी घट्ट.

म्हणजे चार तुळयांतली एक, आणि तिचंही फक्त दीड फूट.

आजी खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या. “मग स्लॅब नको ना?” म्हणाल्या. सर म्हणाले, “नको, आजी. पण तुमच्या गणपतीच्या आत टेकू हवा.” गौरी-गणपतीला माडीवर सगळे नातलग जमतात आणि आरतीला ती खोली माणसांनी भरते.

१० ऑगस्ट

टेकू बसला, आणि आजपर्यंतच्या कामातला मला सर्वांत समाधान देणारा तास हाच.

सागवानाचा खांब, खाली दगडी तळी, वर स्क्रू जॅक, भिंतीपासून दोन फुटांवर, निरोगी लाकडाखाली. जॅक किती आवळायचा हे सुतार एरवी हाताच्या अंदाजाने ठरवतो. आज काका जॅक पाव-पाव फिरवत होते आणि मी आकडे वाचत होते. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच नाही. मग ३ चा ताण वर यायला लागला, आणि त्याच वेळी २ आणि ४ चा खाली. १ जागच्या जागी. २ आणि ४ जून महिन्यातल्या पातळीवर आल्यावर मी “बस काका” म्हटलं. त्यांच्या मते अजून एक फेरी हवी होती. आकडे दाखवले: आणखी आवळलं तर ३ नंबर मधूनच वर उचलली जाईल आणि कडीपाटाच्या फळ्या उकलतील. पटलं त्यांना.

परत बादली चाचणी: आता ३ वर टब ठेवला की सर्वांत मोठी पायरी ३ ची.

चहा पिताना आजींनी विचारलं, या तंतूने आग लागल्याचं कळेल का. इंदुरात लाकडी घरात राहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न असणारच. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, आणि १९८४ च्या आगीत त्याचं काय झालं ते आजींच्या पिढीने पाहिलंय. आमच्या ग्रेटिंग ठरावीक बिंदूंवरच तापमान सांगतात. आगीसाठी दुसरी रीत आहे, तिला ग्रेटिंगच लागत नाही, साधा तंतू पुरतो. त्यात लेसरचा छोटा स्पंद सोडायचा. काचेचे रेणू त्यातला थोडा प्रकाश रंग बदलून परत फेकतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवलेला परिणाम हाच. परत येणाऱ्यात दोन रंग असतात, मूळ तरंगलांबीपेक्षा एक मोठा, एक लहान. लहान तरंगलांबीचा प्रकाश तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, दुसरा फारसा नाही. दोघांच्या गुणोत्तरातून तापमान, आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून जागा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून १० नॅनोसेकंदांच्या स्पंदाने मीटर-मीटरचा हिशेब मिळतो. बोगद्यांत आणि केबलच्या नाल्यांत आगीवर लक्ष ठेवायला हेच वापरतात. उपकरण महाग आहे, एका वाड्याला परवडणारं नाही; पण राजवाड्यासारख्या वास्तूच्या लाकडी मजल्यांत असा तंतू असावाच, असं माझं ठाम मत आहे.

१६ सप्टेंबर

गणपतीतली नोंद. संध्याकाळी आरतीच्या वेळी चारही तुळया एकदम चढतात, प्रसाद वाटून झाला की अर्ध्या तासात उतरून मूळ पातळीवर येतात. परत मूळ पातळीवर येणं महत्त्वाचं. म्हणजे लाकूड लवचीक हद्दीत आहे, काही मागे राहत नाही. ३ आपला वाटा उचलतेय. दिवसागणिक कमाल आकडा वेगळ्या तक्त्यात उतरवला.

२७ सप्टेंबर

पुढचं ठरलं. पाऊस सरला आणि भिंत सुकली की ३ नंबरचं सडलेलं टोक कापून तिथे जुनं सागवान जोडायचं, तिरका सांधा, बोल्ट लावून. लाकूड गोठ्यातल्या त्याच ओंडक्याचं, अजून तीन फूट शिल्लक आहे. त्याआधी भिंतीतला मोरीचा जुना पाइप काढून भोक बंद. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नवी ग्रेटिंग हवी, १५६५ आणि १५७०. उपकरणाचा पल्ला तिथवर आहे, ब्रॉडबँड सोर्सचा (एकदम अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश देणारा स्रोत) प्रकाश तिथे पुरतो का ते या आठवड्यात तपासायचं. जाड साक्षीदार तिथेच टांगलेला राहील, पातळ परत प्रयोगशाळेत. उपकरण नोव्हेंबरपर्यंत वाड्यात, मग जून ते सप्टेंबर पुन्हा. टेकू सांधा झाल्यावर लगेच काढायचा नाही. जॅक सैल करताना आकडे वाचायला मी हजर असेन, काकांना तसं सांगून ठेवलंय.